शेल्ड्रिक ट्रस्टची हत्तीचे पिल्लू दत्तक घेण्याची योजना: वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या वाढदिवसाला मी तिच्या नावाने केनियातील शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टचे एक हत्तीचे पिल्लू दत्तक घेतले. वर्षाला किमान 50 डॉलर भरायचे आणि ट्रस्ट सांभाळत असलेल्या अनाथ पिल्लांपैकी एक निवडायचे, अशी ही योजना आहे. आमच्या बँकेने परदेशी व्यवहार म्हणून पैसे दोनदा अडवले. कार्डावर ती सोय सुरू करून घेतल्यावर नोंदणी लगेच झाली.

नोंदणीचे प्रमाणपत्र मिळते आणि दरमहा ईमेलने अँजेला शेल्ड्रिक यांचे जलरंगातील चित्र येते, परंतु खरे मोल आहे ते पिल्लांना सांभाळणाऱ्या कीपरांच्या डायरीचे. आम्हा सांगलीकरांना हत्ती आठवतो तो तासगावच्या रथापुढे चालणारा, माणसांना सरावलेला. ही डायरी वाचताना समजते की, ज्या पिल्लाला जंगलात परत जायचे आहे त्याला माया भरपूर द्यावी लागते, मात्र ती एकाच माणसाची असून चालत नाही. ट्रस्टच्या संस्थापक आणि अँजेला यांच्या आई डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी वाढवलेले आयेशा नावाचे पिल्लू त्या काही दिवस दूर गेल्यावर खंगून मेले, आणि म्हणूनच आज नैरोबीच्या संगोपन केंद्रात कीपर पिल्लांजवळ रात्री झोपतात खरे, पण पाळीपाळीने. गाईच्या दुधातील स्निग्धांश या पिल्लांना पचत नाही. खोबरेल तेल घातलेले योग्य दूध सापडेपर्यंत डॅफ्नीबाईंची कित्येक वर्षे प्रयोगांत गेली. ते दूध दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. आमच्या घरी तान्हे बाळ असताना झालेली जागरणे आठवून माझ्या आईने हा भाग मला दोनदा वाचायला लावला.

पुढे साधारण दोन-तीन वर्षांचे झाल्यावर पिल्लू त्सावो किंवा किबवेझीच्या जंगलालगतच्या केंद्रात जाते. तिथे ते दिवसा रानात चरते, रानहत्तींना भेटते आणि रात्री आवारात परतते. कायमचे कधी जायचे, हे ज्याचे तोच ठरवतो व त्याला अनेक वर्षे लागू शकतात. येथेच वाढलेल्या काही हत्तिणी पुढे रानात व्यालेली आपली पिल्ले घेऊन जुन्या कीपरांना भेटायला येतात, हे वाचून भाचीला फार आनंद झाला. “मामा, आपलीपण येईल ना?” असे ती दर महिन्याला विचारते.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकाच पिल्लाचे अनेक पालक असतात, त्यामुळे ते केवळ आपले, असे मुलांना सांगू नये. डायरी इंग्रजीत असते आणि तिच्यात पिल्लांच्या मृत्यूच्या नोंदीही येतात. म्हणून लहान मुलांना ती मोठ्यांनी आधी स्वतः वाचून, मग मराठीत सांगावी. आम्ही महिन्यातला एक रविवार त्यासाठी ठेवला आहे आणि दुसऱ्या वर्षाचे पैसेही भरले आहेत.