प्रॉस्पेक्ट-यादीची वर्षभराची वर्गणी: हरणाऱ्या संघाच्या चाहत्याने घ्यावी का?

शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाने २०२४ च्या मोसमात १६२ पैकी १२१ सामने गमावले. १९६२ साली नव्यानेच स्थापन झालेल्या न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर असलेला १२० पराभवांचा आधुनिक काळातील विक्रम त्यामुळे मोडला. त्याच मोसमात सलग २१ सामने हरण्याची कामगिरीही आमच्या संघाने करून दाखवली. त्या उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता दूरचित्रवाणी संच सुरू करण्याचे धैर्य उरले नव्हते आणि संघ सोडवतही नव्हता. तेव्हा मी एक मधला मार्ग शोधला. मेजर लीग या सर्वोच्च पातळीवर अजून न पोहोचलेल्या तरुण खेळाडूंचे, म्हणजे प्रॉस्पेक्टचे, मूल्यमापन करणाऱ्या एका संकेतस्थळाची वार्षिक वर्गणी भरली. आता या सेवेसोबत दोन मोसम काढून झाले आहेत, म्हणून हे परीक्षण. पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या अशा बहुतेक सेवांना लागू पडाव्यात असे मला वाटते, म्हणून सेवेचे नाव देत नाही.

वर्गणीत मिळते ते असे: सर्व ३० संघांच्या उगवत्या खेळाडूंच्या क्रमवार याद्या, सगळ्या संघांतून निवडलेल्या पहिल्या शंभरांची एक यादी, प्रत्येक खेळाडूचा सविस्तर अहवाल, मायनर लीगमधील (मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांवरील) सामन्यांच्या चित्रफिती, ड्राफ्टपूर्वीची (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीपूर्वीची) भाकिते, निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीचा एक खेळण्याजोगा नमुना आणि आपण निवडलेल्या खेळाडूने काही केले की फोनवर येणारी सूचना.

यांतली शेवटची गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण माझी वर्गणी खरी वसूल झाली ती तिच्यामुळे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी मैदानावर बसले होते, समोर आमचा संघ नेहमीप्रमाणे मागे पडत होता, आणि शेजारच्या खुर्चीवरचे वयस्कर गृहस्थ मान खाली घालून फोनवर बर्मिंगहॅमचा सामना पाहत होते. बर्मिंगहॅम बॅरन्स हा व्हाइट सॉक्सचा डबल-ए पातळीवरचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ. मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये बेसबॉल खेळायला गेला होता तो इथेच. मूळ संघाने १२१ वा पराभव पदरात पाडून घेतला त्याच सप्टेंबरमध्ये या बॅरन्सनी सदर्न लीगचे विजेतेपद मिळवले. शार्लट, बर्मिंगहॅम, विन्स्टन-सेलम आणि कनॅपोलिस या आमच्या मायनर लीग संघांच्या चार गावांची नावे मला आज शिकागोच्या उपनगरांइतकी पाठ आहेत, आणि याचे श्रेय निर्विवादपणे या सेवेच्या सूचनांना जाते. त्या वेळेवर येतात, मोजक्या असतात, आणि रात्री उशिराच्या सूचना बंद ठेवण्याची सोयही आहे.

अहवालांचा दर्जा चांगला आहे, मात्र ते वाचण्याची रीत शिकून घ्यावी लागते. बेसबॉलमध्ये खेळाडूचे प्रत्येक कौशल्य २० ते ८० या मापाने तोलतात. ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी खेळाडूइतके, ६० म्हणजे स्पष्टपणे सरस, आणि ८० हा अंक एखाद्या पिढीत मोजक्यांनाच मिळतो. ही पद्धत बेसबॉलचे जुने प्रशासक ब्रांच रिकी यांच्या नावाशी जोडली जाते. नवख्या वाचकाला ५० हा अंक पाहून निराशा वाटते, शाळेतल्या गुणपत्रिकेची सवय असल्यामुळे ५० म्हणजे काठावर उत्तीर्ण असेच आपल्या मनात येते. वास्तविक मेजर लीगमध्ये रोज खेळणारा सरासरी खेळाडू तयार होणे ही कोणत्याही संघासाठी मोठी कमाई असते. सेवेने हे कुठेतरी ठळकपणे सांगायला हवे होते. त्याहून मोठी उणीव अशी, की खेळाडूच्या मुख्य पानावर केवळ भविष्यातला अंक दाखवला जातो, आजचा अंक पाहण्यासाठी अहवालाच्या तळापर्यंत जावे लागते. आजचा ३० आणि उद्याचा ५५ यांच्यामध्ये चार वर्षे, दोन दुखापती आणि एक बदललेला प्रशिक्षक उभा असू शकतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे खरे असले, तरी ते पाय पुढे किती चालतील हे पाळण्यावर लिहिलेले नसते.

आता मुख्य तक्रार. ही सेवा आपल्या जुन्या याद्या जपत नाही. नवी यादी आली की जुनी नाहीशी होते, आणि खेळाडूच्या पानावरचा अहवालही नव्या मजकुराने झाकला जातो. कोणाला कितव्या क्रमांकावर ठेवले होते, का ठेवले होते आणि तो अंदाज कुठे फसला, हे वर्गणीदाराला शोधूनही सापडत नाही. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला याने फारसा फरक पडणार नाही. पण आम्ही व्हाइट सॉक्सचे चाहते हा चित्रपट एकदा पाहून बसलो आहोत. २०१६ च्या अखेरीस संघाने ख्रिस सेल या नामांकित पिचरला (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) बॉस्टनकडे देऊन योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक या उगवत्या खेळाडूंना आणले, पुढच्या वर्षी होसे क्विंटानाच्या बदल्यात शिकागोतल्याच कब्ज या दुसऱ्या संघाकडून एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ आले, ड्राफ्टमध्ये २०१८ साली चौथ्या क्रमांकावर निक मॅड्रिगल आणि २०१९ साली तिसऱ्या क्रमांकावर अँड्र्यू वॉन मिळाले. त्या काळच्या कोणत्याही यादीत आमची नावे वरच्या रांगेत होती. फळ काय मिळाले? २०२० आणि २०२१ मध्ये संघ बाद फेरीत गेला, दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत गारद झाला, आणि २०२३ मध्ये पुन्हा १०१ पराभवांवर येऊन थांबला. मॅड्रिगल तोवर दुसरीकडे गेला होता. वॉनला २०२५ च्या जूनमध्ये मिलवॉकीकडे पाठवले, आणि तिथे पोहोचताच त्याची बॅट चालू लागली, हे आणखी वेगळे दुखणे.

एवढ्या अनुभवानंतर मला पहिल्या शंभरांची नवी यादी हातात देणाऱ्या सेवेने सोबत सात वर्षांपूर्वीची यादीही द्यावी, अशी माझी अपेक्षा आहे. ती दिली तर सेवेची अब्रू जाईल असे मला मुळीच वाटत नाही, कारण चुका सर्वांच्याच होतात आणि बेसबॉलच्या ड्राफ्टचा इतिहास अशा चुकांनी भरलेला आहे. १९६६ मध्ये मेट्सने पहिल्या क्रमांकावर पुढे दिग्गज ठरलेल्या रेजी जॅक्सनला सोडून स्टीव्ह चिलकॉट या कॅचरला निवडले, तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. यांकीजने १९९१ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला ब्रायन टेलर हा पिचरही खांद्याच्या दुखापतीनंतर तिथवर पोहोचला नाही. उलट १९८८ मध्ये माइक पियाझाची निवड ६२ व्या फेरीत झाली आणि तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या सन्मान-दालनात, गेला. (आता ड्राफ्ट २० फेऱ्यांचाच असतो, म्हणजे आजचा पियाझा निवडलाच जाणार नाही.) लाखो डॉलर आणि डझनभर निरीक्षक हाताशी असलेल्या संघांचे अंदाज जिथे असे चुकतात, तिथे एका संकेतस्थळाने आपली चूक लपवण्याचे काही कारण नाही.

लॉटरीच्या नमुन्याविषयी मात्र सौम्य राहणे मला जमणार नाही. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकासाठी थोडे स्पष्टीकरण देते: इथे नवोदित खेळाडूंसाठी बोली लागत नाही, संघ ठरलेल्या क्रमाने एकेकाला निवडतात, आणि पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिली निवड आपोआप मिळत असे. संघ मुद्दाम हरू नयेत म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागा लॉटरीने ठरू लागल्या. मोसम संपल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मी सेवेचा नमुना निदान पन्नास वेळा चालवला असेन, आणि त्यातल्या कितीतरी वेळा व्हाइट सॉक्सला पहिली जागा मिळाली. १२१ पराभवांचे काहीतरी मोल मिळणार या कल्पनेने मी सुखावले होते. पण नियम असा आहे, की महसूल-वाटपात इतरांना पैसे देणाऱ्या मोठ्या बाजारपेठेतील संघाला लागोपाठ दोन वर्षे लॉटरीतली जागा मिळू शकत नाही. आम्हाला त्याआधीच्या ड्राफ्टमध्ये पाचवी जागा मिळाली होती, तिच्यावर हेगन स्मिथ हा डावखुरा पिचर घेतला होता, त्यामुळे २०२४ मध्ये कितीही हरलो असतो तरी २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या जागेच्या वर जाणे शक्यच नव्हते. झालेही तसेच; दहाव्या जागेवर कॅलिफोर्नियाच्या शाळकरी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) बिली कार्लसनची निवड झाली. ज्या सेवेचा धंदाच ड्राफ्टवर चालतो, तिच्या नमुन्याला हा नियम ठाऊक नसावा, हे अक्षम्य आहे. मी पत्र लिहिले, आठवडाभराने दुरुस्ती झाली, पण दुरुस्तीची नोंद कुठेही नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी अशी माझी अवस्था करून ठेवल्याबद्दल चार शब्दांची दिलगिरी अपेक्षित होती.

ड्राफ्टची भाकिते करमणूक म्हणून वाचावीत. निवड केवळ गुणांवर होत नाही हे त्यामागचे कारण सेवा नीट समजावून सांगते, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक जागेला एक ठरावीक रक्कम जोडलेली असते, त्या रकमांची बेरीज म्हणजे संघाचा त्या वर्षीचा निधी, आणि एका खेळाडूवर वाचवलेले पैसे दुसऱ्यावर खर्च करता येतात. ह्यूस्टनने २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेयाला ठरलेल्या ७२ लाखांऐवजी ४८ लाख डॉलरमध्ये राजी केले आणि उरलेल्या पैशांच्या बळावर ४१ व्या क्रमांकावर लान्स मॅककलर्सला कॉलेजऐवजी संघाकडे वळवले. पाच वर्षांनी हे दोघेही विश्वविजेत्या संघात होते. हे सारे समजावणारा सेवेचा लेख वर्गणीतला सर्वोत्तम लेख आहे, आणि तो मी दोनदा वाचला. त्याच ह्यूस्टनने २०११ ते २०१३ या तीन मोसमांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले होते, त्यामुळे आमच्यासारख्यांना हे उदाहरण सतत दाखवले जाते. बाल्टिमोरचे उदाहरण तितक्या उत्साहाने कोणी दाखवत नाही: २०१८ मध्ये ११५ पराभव, मग ॲडली रचमनसारखे हिरे, २०२३ मध्ये १०१ विजय, त्या वर्षी बाद फेरीत तीनपैकी तीन सामन्यांत पराभव, आणि २०२५ मध्ये विभागात पुन्हा शेवटचे स्थान.

सेवेचा स्वभाव ओळखायचा असेल तर कोल्सन मॉन्टगोमेरीचे पान पाहावे. २०२१ मध्ये २२ व्या क्रमांकावर निवडलेला हा शॉर्टस्टॉप २०२५ च्या वसंतात शार्लटमध्ये इतका चाचपडत होता, की संघाने त्याला बॅटिंगची ढब सुधारण्यासाठी ॲरिझोनाला पाठवले. सेवेने त्याला झपाट्याने खाली ढकलले आणि अहवालाचा सूर एखाद्या शोकसंदेशासारखा झाला. ४ जुलैला तो शिकागोत दाखल झाला आणि ७१ सामन्यांत त्याने २१ होम रन मारले. आज त्याच पानावर असा मजकूर आहे, जणू याची खात्री सर्वांना पहिल्यापासूनच होती. तो शोकसंदेश माझ्या स्मरणाखेरीज आता कुठेच शिल्लक नाही. हेगन स्मिथचे चेंडू बर्मिंगहॅममध्ये ताब्यात राहत नव्हते, जवळजवळ पावणेसात फूट उंचीचा नोआ शुल्ट्झ गुडघ्याच्या दुखण्याने अडला होता; त्यांच्याविषयी आज वाचलेले उद्या तसेच सापडेल याची हमी नाही.

वर्गणी कोणी घ्यावी? ज्याचा संघ बाद फेरीच्या शर्यतीत आहे, त्याला विनामूल्य बातम्या पुरेशा आहेत. ज्याला मायनर लीगचे सामने मुळातच आवडतात, त्याने डोळे झाकून घ्यावी. आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे जुलैपर्यंत मोसम संपलेल्यांसाठी, ही सेवा उपयोगाची आहे, फक्त तिच्या क्रमवारीला वेळापत्रक समजू नये. पाचपैकी साडेतीन तारे. जुन्या याद्या खुल्या केल्या तर अर्धा तारा आनंदाने वाढवीन.

२०२५ मध्ये संघ १०२ सामने हरला, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा १९ ने कमी, आणि डिसेंबरमधील लॉटरीत आम्हाला २०२६ च्या ड्राफ्टची पहिली निवड मिळाली. या वेळी नियम आडवा आला नाही. यूसीएलएचा शॉर्टस्टॉप रॉक चोलोव्स्की याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे आणि सेवेच्या यादीतही तोच सर्वांत वर आहे. वर्गणीचे नूतनीकरण मी त्याच रात्री केले. फक्त झोपण्यापूर्वी ती पूर्ण यादी अहवालांसह छापून घेतली, प्रत्येक पानावर तारीख घातली आणि फाइलला लावून ठेवली.