केए-२२ गाडीवाल्यांनो, व्हॉट्सॲपवर चलान आलं तर हात लावू नका

१,१८,४९८ रुपये. ४९,९९९ दोनदा आणि शेवटी १८,५००. कुणाला ओटीपी सांगितला नाही, कुणाचा फोन उचलला नाही, तरी गेले. "शिकलेला माणूस असून कसा फसलास" म्हणणाऱ्यांनी पुढं वाचूच नका.

व्हॉट्सॲपवर मेसेज, डीपीला परिवहनचा लोगो, सिग्नल तोडल्याचं ५०० रुपये चलान आणि खाली माझ्या गाडीचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर. आता आम्ही बेळगावकडची माणसं, माल आणायला कोल्हापूर, दवाखान्याला कोल्हापूर, कोगनोळीचा टोलनाका ओलांडणं नेहमीचंच, मी पण त्याच आठवड्यात जाऊन आलेलो. वाटलं कुठल्यातरी कॅमेऱ्यात गाडी आली असणार. कुणालाही वाटलं असतं. सोबत पावती म्हणून फाइल, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल.

इथंच ओ, इथंच. पावती पीडीएफ असते नाहीतर फोटो असतो, ती इन्स्टॉल कशाला करायला लागते? फोननं विचारलं पण, ॲप अनोळखी ठिकाणचं आहे, चालेल का. परत विचारलं, ह्या ॲपला तुमचे एसएमएस वाचू द्यायचे का. ५०० रुपयांच्या चलानाला माझे एसएमएस कशाला पाहिजेत? पण दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि रोज प्रत्येक ॲप हेच विचारतंय, सगळेच ओके ओके दाबत सुटतात, मी काय वेगळं केलं? ओटीपी त्या ॲपनंच वाचून पुढं पाठवले.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन लावला म्हणून ११,२४० तरी पुढच्या खात्यात होल्ड झाले. पैसे गेले की आधी १९३०, बायकोला नंतर सांगा.

मग ठाणं. म्हणाले, तुमचं खातं कोल्हापूरच्या शाखेत आहे, तिकडं जावा. तिकडं गेलो तर म्हणाले, राहायला कर्नाटकात, सिम कर्नाटकातलं, तिकडंच द्या. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे हे माहीत होतं, माझे पैसे पण त्यातच जाऊन बसतील असं वाटलं नव्हतं! अरे, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १७३, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडूदे, समोरच्या ठाण्यानं नोंदवून घ्यायचा, झिरो एफआयआर. हे मोबाईलवर उघडून दाखवलं तर हवालदार म्हणतो साहेब बंदोबस्ताला गेलेत. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्याला करता येत नाही, कलम ७८, म्हणजे साहेब येईपर्यंत बसा, आणि साहेब कायम बंदोबस्तालाच. दिल्लीत सायबर गुन्हे रोखायला गृहखात्याचं आयफोरसी सेंटर आहे, २०२० ला उद्घाटन झालं, पंतप्रधान 'मन की बात' मध्ये सांगतात "रुको, सोचो, एक्शन लो". मी घेतली की ॲक्शन. खुर्चीवरच्यांनी कधी घ्यायची?

बँकवाले त्याच्या वरचे. "ओटीपी गेला म्हणजे चूक तुमची." रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर आहे, चूक ग्राहकाची हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. तुमचं म्हणणं लेखी द्या म्हटलं की हेड ऑफिसला विचारतो म्हणतात. तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका, अर्ज द्या, पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं टाका, फी लागत नाही. मी टाकलंय. होल्डचे पैसे पाहिजेत तर कोर्टाची ऑर्डर आणा म्हणे, आणि ११,२४० सोडवायला वकील ८,००० मागतोय, करा हिशोब.

चलान खरंच आहे का बघायचं तर ब्राउझरमध्ये परिवहनची जीओव्ही डॉट इन साइट स्वतः टाइप करून उघडा, आलेल्या लिंकवरनं नको. मी नंतर बघितलं, माझ्या गाडीवर एक रुपयाचं चलान नाही.

आणि हे लिहायचं मुख्य कारण, त्या ॲपनं माझ्याच नंबरवरनं तीच फाइल सगळ्या कॉन्टॅक्टना पाठवलीय, गल्लीच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर पण. माझं नाव बघून कुणी उघडली असेल तर आत्ताच फोन फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरनं बँकेला सांगून खातं बंद करा, ॲप काढा, नाही निघालं तर फोन रिसेट मारा.