गिअरबॉक्स उघडलाच नाही, पैसे मात्र 1,85,000 घेतले

एक लाख पंच्याऐंशी हजार. रोख, आणि हातात कच्ची पावती. लिहायलाही लाज वाटते, पण जुन्या ऑटोमॅटिक गाड्या सांभाळणारे आपल्याकडे मोजकेच आहेत आणि हे पैसे घेणारा मेकॅनिक पुढचं गिऱ्हाईक शोधत असणार.

गाडी काकांची. 1965 ची शेवरोले इम्पाला, दोन गिअरचा पॉवरग्लाइड, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दिवाळीनंतर लो गिअरमधून हायला जाताना दणका बसायला लागला. सायलेन्सरमधून पांढरा धूर. गिअरबॉक्सचं लाल ऑइल आठवड्याला अर्धा लिटर कमी, आणि खाली फरशीवर एक थेंब नाही. ऑइल जातंय कुठे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

आता तो क्षण. गाडी रॅम्पवर होती. त्याने गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूची एक बारीक रबरी नळी उपसली. टोकातून दोन-तीन लाल थेंब त्याच्या तळहातावर पडले. मी विचारलं, "हे काय?" "ओलावा आहे, साहेब." हात फडक्याला पुसला, नळी परत खोचली आणि म्हणाला, "क्लच गेलेत, पूर्ण ओव्हरहॉल." मी दोन हात अंतरावर उभा होतो. त्या नळीत फक्त इंजिनचा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ असते, ऑइल असायलाच नको. नळीच्या टोकाला व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, इंजिनच्या ओढीवरून गिअरबॉक्समधला ऑइलचा दाब ठरवणारी डबी. त्याचा पडदा फाटला की इंजिन त्याच नळीतून गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं, म्हणून धूर. मॉड्युलेटरला व्हॅक्यूम मिळाला नाही की आतला दाब चढलेला राहतो, म्हणून दणका. सगळा आजार त्या तीन थेंबांत होता आणि त्याला तो कळला होता. नळी आधी तुम्ही स्वतः काढून बघा.

मी बँकेत 28 वर्षं काढली, कागद वाचल्याशिवाय सही केली नाही. पण ऑटोमॅटिकच्या पोटात काय असतं हे पुण्यात कितीजणांना ठाऊक असतं? नाव ओळखीतल्या माणसानेच सुचवलेलं, गॅरेजात तीन जुन्या गाड्या उभ्या.

60,000 आगाऊ. पार्टचे 72,000. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा वेल्ड केलेला डबा) 'कापून धुतला' त्याचे 38,000. मजुरी 15,000. क्लचच्या जळलेल्या प्लेटा आणि दोन बँड (आतला ड्रम आवळणारे पट्टे) त्याने पिशवीत घालून दिले, मी हात जोडून घेतले. अॅल्युमिनियमच्या पॉवरग्लाइडमध्ये बँड एकच असतो, लो गिअरचा. रिव्हर्सला क्लच असतो. काढलेले भाग दाखवले की मोजा!

नऊ दिवसांनी परत धूर. दुसऱ्या फिटरने टॉर्च खाली धरून दाखवलं: पॅनच्या (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ट्रेच्या) 14 बोल्टांवर जुना चिकट थर जसाच्या तसा, कन्व्हर्टरच्या वेल्डवर जुना गंज. डबीएवढा मॉड्युलेटर बाहेरूनच आट्यांवर बसतो. पार्सल आणि ड्युटीसकट 5,840 रुपये, बसवायला वीस मिनिटं. गाडी देण्याआधी बोल्टांवर रंगाची खूण करा.

चौकीत सांगितलं, "हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा." अर्जाची पोच मागितली तर साहेब राउंडवर. चार खेपा घातल्या. परिवहन कार्यालयात म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं? ऑनलाइन तक्रार केली, ती 'पक्कं बिल जोडलेलं नाही' म्हणून बंद. बिल दिलं नाही हीच तर तक्रार! एका कारकुनाने पिशवीतले बँड उलटेपालटे करून विचारलं, हे तुमच्याच गाडीचे कशावरून? अहो, माझ्या गाडीचे नाहीत हेच अर्धा तास सांगतोय.

आता ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकिलाने पहिला प्रश्न विचारला, फोनवर पैशांचं बोलणं आहे का? मी सगळं तोंडी केलं होतं. तुम्ही मेसेजवर करा.

तो आता बँड परत मागतोय. दिले नाहीत. कोणाच्या तरी गिअरबॉक्समधून निघालेले आहेत. पुण्यात कोणी गेल्या वर्षभरात जुन्या ऑटोमॅटिकचं काम करून घेतलं असेल आणि काढलेले भाग हातात मिळाले नसतील, तर येऊन बघून जा. मला साक्षीदार हवा आहे.