"ड्रायव्हर-फ्री" वायफाय डोंगल: माल चांगला, पण लिनक्सवाल्यांनी वाचूनच घ्या

सेवा केंद्रातल्या जुन्या डेस्कटॉपले विंडोज झेपेना म्हणून त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकलं, आन वायफायसाठी यवतमाळहून हा यूएसबीत खोचायचा ड्युअल बँड (२.४ आन ५ गिगाहर्ट्झ दोन्ही चालणारा) डोंगल आणला. डब्यावर कंपनीचं नाव नाही, फक्त मोठ्ठ्या अक्षरात "ड्रायव्हर-फ्री", म्हणजे वस्तू चालवणारा प्रोग्राम (ड्रायव्हर) वेगळा टाकाले लागत नाही. पीक विम्याची मुदत जवळ, दारात लोकं उभे, आन डोंगल खोचला तं वायफायचा पत्ता नाही, स्क्रीनवर सीडीचं चित्र! आता सीडी कुठून आली राजेहो?

तं भानगड अशी. पोर्टवर काही आलं हे हबले (यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या भागाले) कळते, मग कर्नेल (लिनक्सचा गाभा) त्याले रिसेट करून पत्ता देते आन ओळख विचारते. डोंगल दोन नंबर सांगते, एक कंपनीचा, एक मालाचा. एलएसयूएसबी ही यूएसबीवरच्या वस्तूंची यादी दाखवणारी कमांड मारून पाह्यलं तं ०बीडीए:१ए२बी. ०बीडीए म्हणजे रियलटेक, पण १ए२बी वायफायचा नंबरच नाही, विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेतलेल्या खोट्या सीडीचा हाये. कर्नेलनं सरळ स्टोरेजचा ड्रायव्हर जोडला, त्याचं काय चुकलं? विंडोजवर त्याच सीडीतून सेटअप होते, म्हणून म्हणे ड्रायव्हर-फ्री.

सीडी इजेक्ट केली की डोंगल गायब होऊन नव्या नंबरानं परत येते, ०बीडीए:सी८११ (यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्राम असला तं हे आपोआप होते). मग कर्नेल यूडेव्हले (नव्या वस्तूंची दखल घेणाऱ्या प्रोग्रामले) कळवते, मॉड्यूल्स.एलियास नावाच्या यादीतून मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) शोधून चढवलं जाते, आन त्याच्या टेबलातला नंबर डोंगलशी जुळवतात. पण पत्रिका जुळली म्हणून लगन लागत नाही, पाहाले जावंच लागते, ते पाहणं म्हणजे ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन. तिथं फर्मवेअर (चिपचा स्वतःचा प्रोग्राम) चिपमध्ये चढते, सगळं बरोबर असलं तं शून्य परत येते, नाही तं ड्रायव्हर हात वर करते.

माह्या मशीनवर कर्नेल ५.१५, त्याच्या यादीत सी८११ नाहीच, म्हणून पाहुणा नुसता गरम होत बसला. या चिपले आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हर लागते आन त्यात यूएसबीचा सपोर्ट ६.२ पासून आला. मोबाइल केबलनं जोडून टेदरिंग (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरले देणं) चालू केलं (तिथं कंपनीचा नंबर लागत नाही, डिव्हाइसचा क्लास पाहूनच ड्रायव्हर जुळते), अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नेल घेतला, रिस्टार्ट, आन नेटवर्कची यादी हजर.

तेव्हापासून तक्रार नाही. ५ गिगाहर्ट्झ त्याच खोलीत मस्त, जाड भिंत आडवी आली की मरते, तिथं २.४ वर ठेवा. डोंगल तापते जरासा, एप्रिल-मेमध्ये सीपीयूच्या मागं खोचू नका, पुढचा पोर्ट बरा.

चार स्टार. एक कापला तो डब्यावर चिपचा नंबर न छापल्याबद्दल, लिनक्सवाल्याले तोच पायजे असते. फक्त २.४ पुरत असलं तं आरटी५३७० चिपचा जुना डोंगल मागा, त्याचा ड्रायव्हर कर्नेलात लय वर्षांपासून हाये.