गेरमधला मुक्काम: मंगोलियातल्या पशुपालक कुटुंबाकडच्या होमस्टेचं परीक्षण

राजधानी उलानबातरमधली गेस्टहाउसं आर्खांगाय, ओव्होरखांगाय या प्रांतांतल्या किंवा गोबी वाळवंटातल्या पशुपालक कुटुंबांकडे राहण्याची सोय करून देतात. ही कुटुंबं गेरमध्ये, म्हणजे लोकरीच्या जाड नमद्यांनी झाकलेल्या गोल तंबूत राहतात. पर्यटकांसाठीचा गेर कॅम्प वेगळा आणि हा होमस्टे वेगळा. कॅम्पमध्ये शॉवर असतो, रेस्टॉरंट असतं. होमस्टेत अंघोळ म्हणजे नदी किंवा तांब्याभर कोमट पाणी, आणि संडास म्हणजे गेरपासून लांब खणलेला खड्डा. तरीही मंगोलियन संसार पाहायचा असेल तर कॅम्पचे पैसे वाया गेले समजा. इथे किमान तीन रात्री राहा. पहिला दिवस माळरानातल्या प्रवासाच्या शिणातच जातो.

गेरचं दार दक्षिणेला असतं. आत गेल्यावर डावी, म्हणजे पश्चिमेची बाजू पाहुण्यांची, उजवीकडे स्वयंपाक, आणि दारासमोरचा उत्तरेचा भाग मानाचा. तिथे यजमानांनी बसवल्याशिवाय बसू नये. उंबऱ्यावर पाय पडता कामा नये. छताच्या गोल झरोक्याला टेकू देणाऱ्या दोन खांबांमधून जाऊ नये, वस्तूही देऊ नये. चुलीत कचरा टाकणं किंवा चुलीकडे तळवे करून बसणं हा अग्नीचा अपमान समजतात. नवख्या माणसाची चूक बहुतेक घरं सांभाळून घेतात, पण चुलीच्या बाबतीत काळजी घ्याच.

थंडी ही खरी अडचण. चुलीत लाकूड किंवा रानशेण्या जळतात. रानशेणी भराभर पेटते आणि तितक्याच लवकर विझते, त्यामुळे गेर झपाट्याने तापतो आणि मध्यरात्रीनंतर गारठतो. लोकरीचे नमदे वारा अडवतात, पण विझलेल्या चुलीची ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवत नाहीत. डोंगराळ भागात जुलैतही शून्याखाली पाच अंशांपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग न्या.

जेवणाला पूर्ण गुण, पण मांसाहाऱ्यांकडूनच. सकाळी सूतेय त्साय, म्हणजे मीठ घातलेला दुधाचा चहा, सोबत बोर्त्सोग, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, आणि जाड साय, जिला उरूम म्हणतात. पुढे मेंढीच्या मांसाचं सारण भरलेले, मोमोसारखे वाफवलेले बूझ, तसंच सारण भरून तळलेले खूशूर, नाहीतर त्सुइवान हा शेवयांचा प्रकार. भाज्या बटाटा, गाजर, कोबी यांच्यापलीकडे फारशा जात नाहीत. शाकाहाऱ्यांनी डाळ, तांदूळ आणि मसाला सोबत न्यावा आणि हे आधीच कळवावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर तुकडे काढून त्याच रश्शातलं ताट समोर येऊ शकतं. आरूल म्हणजे उन्हात कडक वाळवलेला चक्का. तो चावू नका, दात दुखावेल, चघळत ठेवा. उन्हाळ्यात मिळणारं घोडीचं आंबवलेलं दूध, आइराग, पहिल्या दिवशी दोन-तीन घोटच घ्या. सवय नसलेल्या पोटाला जुलाब होतात. वाटी उजव्या हाताने घ्यावी, डावा हात उजव्या कोपराला टेकवावा. नको असेल तर ओठांना लावून परत दिली तरी चालतं. थेट नाकारू नये.

वीज सौर पॅनेलवरची, दिवा आणि फोनपुरती. पॉवर बँक न्याच. टॉर्चही हवी, कारण रात्री खड्ड्याकडे जाताना वाट दिसत नाही आणि कुत्री मोकळी असतात. कुठल्याही गेरजवळ जाताना ‘नोखोय खोर’, म्हणजे ‘कुत्रा आवरा’, अशी हाक द्यायची आणि कुणी बाहेर येईपर्यंत थांबायचं.

सेवा म्हणून पाचपैकी चार गुण. एक गुण जातो बुकिंगमधल्या संदिग्धतेवर. ठरवतानाच विचारा: झोपायला वेगळा गेर की कुटुंबाच्याच गेरमध्ये जागा? जेवणं किती? घोडा आणि वाटाड्या यांचे पैसे वेगळे का? परतीची गाडी कोण, कधी पाठवणार? हा शेवटचा प्रश्न विसरलात तर फार अडचण होते, कारण माळावर फोनला रेंज मिळेलच असं नाही आणि कुटुंब चराईसाठी जागाही बदलतं. पैसे रोख तुग्रुगमध्ये, म्हणजे मंगोलियन चलनात, सुट्ट्या नोटांसह न्या. माळावर मोड मिळत नाही. भेट म्हणून चहा, साखर, पीठ, मुलांना वह्या-रंग द्या, आणि देताना दोन्ही हातांनी द्या.