बोरा बाजारातले फ्लॅशवाले काका : ५ पैकी ४ स्टार

दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण काकाच म्हणाले की आहेत ती कामं उरकत नाहीत, अजून गर्दी नको. सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात शिरलात की कॅमेऱ्याची दुकानं लागतातच, त्यातल्याच एका जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली चार फुटांची जागा, एक टेबल, एक दिवा आणि कॅमेरे-फ्लॅश दुरुस्त करणारे साठीचे काका. ज्याला खरंच गरज आहे तो विचारत विचारत पोचेल.

झालं असं की भाच्याची मुंज होती. ताईने फोटोग्राफर सांगितलेला होताच, पण मी हौशी माणूस, माझा दहा वर्षं जुना डीएसएलआर, वर फ्लॅश आणि ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला पेटायचा इशारा देणारी डबी) घेऊन मध्ये मध्ये लुडबुड करत होतो. घरी येऊन बघतो तर बऱ्याच फोटोंत खाली काळी पट्टी. भिक्षावळीच्या फोटोत बटूचं धोतर गायब, ताईच्या हातातलं ताट गायब, नुसती डोकी! बाकीच्यातल्या काहींत फ्लॅश पेटलाच नव्हता आणि जिथे पेटला तिथे पुढच्या फोटोसाठी तयार व्हायला इतका वेळ की तोवर बटू लाडू खाऊन मोकळा.

आधी घराजवळच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने कॅमेरा दोन मिनिटं उलटापालटा केला आणि म्हणाला शटर गेलंय, हॉटशूपण (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो ती खाच) बदलावा लागेल, साडेनऊ हजार आणि वीस दिवस. साडेनऊ हजारात माझ्या त्या कॅमेऱ्यासारखा सेकंडहँड येतो हो. म्हणून डोंबिवलीहून ट्रेन पकडून फोर्टात.

काकांनी कॅमेरा हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, "काय होतंय ते सांगू नका, काढून दाखवा." मी त्यांचाच फोटो काढला, खाली पट्टी आली. त्यांनी स्क्रीनवर शटर स्पीड बघितला, १/४०० सेकंद. "शटर ठणठणीत आहे साहेब, तुम्हालाच घाई आहे."

मग त्यांनी दोन पोस्टकार्डं घेतली आणि दाखवलं. मला आपलं वाटायचं की शटर म्हणजे दुकानाच्या शटरसारखं एकच काहीतरी वर-खाली होतं. तसं नसतं, दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून बंद करत येतो. स्पीड कमी असेल तर एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो आणि फ्लॅश त्याच क्षणी पेटायला हवा. स्पीड वाढवला की पहिला पडदा पार पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो, सेन्सरवर नुसती फट सरकत जाते, मग फ्लॅशचा उजेड पडणार तो उघड्या भागावरच. माझ्या कॅमेऱ्याची मर्यादा १/२००, काहींची १/२५० असते. कंपनीचा फ्लॅश वर लावला तर कॅमेराच तुम्हाला सहसा पुढे जाऊ देत नाही, पण माझा ट्रिगर एका पिनचा स्वस्तातला, वर काय बसलंय हे कॅमेऱ्याला कळतच नाही, त्यामुळे त्याने बिचाऱ्याने मला १/४०० वर जाऊ दिलं.

मी म्हटलं, अहो पण पोरं पळतात म्हणून वाढवला. तर म्हणाले, हॉलमध्ये उजेड आधीच कमी, तिथे पळणारं पोर गोठवतो तो फ्लॅश, शटर नाही. पॉवर कमी ठेवली की तो लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपतो. शटरने फक्त मागच्या झुंबरांचा उजेड कमीजास्त होतो. हे मला दहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही मॅन्युअल कधी उघडलं नव्हतं.

फ्लॅश न पेटण्याचं मात्र खरं दुखणं निघालं. त्यांची पद्धत मला आवडली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फ्लॅश नुसता हातात धरून टेस्टचं बटण दाबलं, पेटला. त्यांच्या कॅमेऱ्यावर लावला, दहापैकी दहा वेळा पेटला. माझ्यावर दहात सहा. म्हणजे ट्यूब बरी, गडबड माझ्या हॉटशूत. भिंगातून बघितलं तर पॉइंटवर काळपट थर आणि कडेच्या पट्ट्यांवर मळ. त्या पट्ट्यापण सर्किटचाच भाग असतात, हे मला तिथे कळलं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं, परत दहा वेळा, दहाही पेटले. साडेनऊ हजारांचं काम कापसाच्या काडीने!

मग फ्लॅशचं सेलचं झाकण उघडलं आणि काका माझ्याकडे असे बघायला लागले जसे शाळेत मास्तर गृहपाठ न केलेल्याकडे बघायचे. मागच्या पावसाळ्यात साधे अल्कलाइन सेल आतच राहिले होते, ते पाझरून स्प्रिंगवर पांढरट हिरवी पापडी. व्हिनेगरने साफ केली, एक स्प्रिंग बदलली. शिवाय आत्ता घातलेल्या चारपैकी दोन सेल नवे, दोन घड्याळातले काढलेले. मल्टिमीटर लावून दाखवलं, एक मेलेला असला की बाकी तिघांना घेऊन बुडतो. मी वाद घातला की रिचार्जेबल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे, मग साधे भारी नाहीत का. तर नाही. फ्लॅश करंट घटाघटा पितो, अल्कलाइन तेवढ्या वेगाने देऊ शकत नाही, त्याचा व्होल्टेज पडतो, एनआयएमएच, म्हणजे रिचार्जेबल सेल, टिकून राहतो. आता चार चांगले रिचार्जेबल घेतलेत, एकत्रच चार्ज करतो, एकत्रच वापरतो, आणि पुढचा फोटो तीन-चार सेकंदांत तयार.

हॉटशू, स्प्रिंग, साफसफाई सगळं मिळून ४०० रुपये. शटरच्या ज्ञानाचे पैसे घेतले नाहीत.

मला न लागलेली पण कामाची गोष्ट, स्वस्त ट्रिगर घ्यायच्या आधी आपला हॉटशू नीट बघा. कॅननच्या २००डी मार्क टू किंवा ३०००डी मध्ये मधला पॉइंटच दिलेला नाही, त्यावर हे एका पिनवाले पेटत नाहीत, कॅननसाठीच बनवलेला घ्यावा लागतो. आणि दुसरा फ्लॅश लांब ठेवून स्लेव्हवर (म्हणजे पहिल्या फ्लॅशचा उजेड बघून तो आपोआप पेटतो तसा) पेटवत असाल, तो पेटलेला दिसतो पण फोटोत उजेड नाही, तर कॅमेऱ्याचा पॉपअप फ्लॅश मॅन्युअलवर टाका. टीटीएलमध्ये (फ्लॅशची पॉवर कॅमेरा स्वतः ठरवतो तेव्हा) तो आधी एक बारीक चाचणीचा लखलखाट मारतो, स्लेव्ह त्यालाच भुलतो.

एक स्टार का कापला? पावती मिळत नाही. मागितली तर जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून देतात. दीड वाजता डबा उघडला की तासभर हलत नाहीत, मी जिन्यावर बसून होतो. बोलणं फटकळ, माझ्या मागच्या बाईंना तर "आधी चार्ज करून आणा" म्हणून परत पाठवलं. आणि लेन्सची बुरशी ते स्वतः काढत नाहीत, बाहेर देतात, तेव्हा लेन्स तिथे टाकू नका. कंपनीच्या वॉरंटीतला माल असेल तरी इथे जायचं कारण नाही.

निघता निघता बॅगेतून बाबांचा रीळवाल्या काळातला फ्लॅश काढला, म्हटलं हा डिजिटलवर चालेल का. चार्ज करून मधल्या पिनला आणि पायाला मल्टिमीटर लावला, १९० व्होल्ट! आजकालच्या फ्लॅशमध्ये तिथे जेमतेम पाचेक व्होल्ट असतात, हा वर बसवला असता तर कॅमेऱ्याचं सर्किट जळायची भीती. उघडूपण नका म्हणाले, सेल काढले तरी आतला कपॅसिटर झटका देतो. मग जरा थांबून, त्या दिवसात पहिल्यांदाच मऊ आवाजात, "दोनशेला देता का? शोकेसमध्ये ठेवीन."

नाही दिला. आता टीव्हीशेजारी आहे, बाबा येता-जाता पुसतात.