एअर अलर्ट ॲप: तीन वर्षांहून जास्त वापरून लिहितोय

आधीच सांगतो, मी युक्रेनमध्ये राहत नाही, सांगलीत असतो. तरी २०२२ च्या मार्चमध्ये हवाई हल्ल्याचा इशारा देणारं हे तिकडचं ॲप आलं तेव्हापासून माझ्या फोनमध्ये आहे आणि त्यात खार्किव्ह शहर लावून ठेवलंय. तिथल्या सालतिवका भागात आमची घरमालकीण आजी राहते. मेडिकलला असताना मी आणि माझा रूममेट दोन वर्षं तिच्याकडे भाड्याने होतो. आम्ही तिला बाबुश्का म्हणायचो, ती आम्हाला सिनोक म्हणायची, म्हणजे बाळा. आता ८१ वर्षांची आहे.

ॲपचं काम एकदम चोख. आयाक्स सिस्टीम्स आणि स्टफाल्कन या युक्रेनच्याच कंपन्यांनी बनवलंय, सरकारच्या डिजिटल खात्याची साथ आहे. फुकट आहे, नावनोंदणी नाही, नंबर मागत नाही, फक्त भाग निवडायचा. फोन सायलेंटवर असला तरी भोंगा वाजतोच आणि धोका टळला की तेही सांगतं. इंग्लिश लावलं तर हॉलिवूडच्या मार्क हॅमिलच्या आवाजात सूचना येतात, मी मात्र युक्रेनियनच ठेवलंय, तिच्या बिल्डिंगमध्ये जे ऐकू येतं तेच मला ऐकायचं असतं.

पण भोंगा वाजल्यावर पुढे काय, हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला पडतो. खार्किव्ह रशियाच्या सीमेपासून तीस-चाळीस किलोमीटरवर, तिकडून सुटलेलं मिसाईल मिनिटभरात येतं, कधीकधी तर भोंग्याच्या आधी स्फोटच ऐकू येतो. तरणी पोरं धावत तळघरात नाहीतर मेट्रो स्टेशनात जातात. आजी सहाव्या मजल्यावर, दोन्ही गुडघे गेलेले. अलर्ट असताना लिफ्टमध्ये जायचं नाही आणि ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाल्यावर लिफ्ट कधी बंद पडेल याचा नेम राहिला नाही, लोकांनी लिफ्टमध्ये पाणी आणि बिस्किटांचे डबे ठेवले होते, कोणी अडकलं तर असावेत म्हणून. त्यामुळे ती खाली जातच नाही. तिकडे दोन भिंतींचा नियम सांगतात, बाहेरच्या आणि आपल्या मध्ये दोन भिंती हव्यात आणि जवळ खिडकी नको. तेवढी जागा तिच्या घरात एकच, दारापाशी चपला-बूट ठेवायची बोळकंडी. तिथे एक स्टूल, लोकरीची टोपी, बॅटरी आणि कापडी पिशवी, पिशवीत पासपोर्ट, पेन्शनचं कार्ड, बीपीच्या गोळ्या आणि नवऱ्याचा फोटो.

आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे हे ॲपच नाही! तिचा बटणांचा फोन आहे. तिथलं किमान पेन्शन २०२५ मध्ये २,३६१ रिव्निया होतं, म्हणजे आपले साधारण पाच हजार रुपये, त्यात औषधं की स्मार्टफोन? मी एका मित्राकडून जुना फोन पाठवला, तिने तो रुमालात गुंडाळून कपाटात ठेवून दिला. तिची बोटं इतकी कोरडी पडलीत की स्क्रीनला स्पर्शच कळत नाही, तीन-तीनदा दाबायचं आणि तोवर भलतंच काहीतरी उघडलेलं असायचं. शेवटी तोडगा तिच्या खालच्या शेजारणीने काढला. तिच्या फोनवर ॲप वाजलं की ती हीटिंगच्या पाइपवर चमच्याने तीनदा ठोकते, पाइप सगळ्या मजल्यांतून वर जातो, आजीला बरोबर ऐकू येतं. ऑल क्लिअर, म्हणजे धोका टळल्याची सूचना, आला की एकदा.

युक्रेनमध्ये जवळपास चौथा माणूस साठीपुढचा आहे. यूएनच्या आकड्यांप्रमाणे युद्धाच्या पहिल्या सात महिन्यांत मेलेल्या सामान्य नागरिकांत साठीपुढचे ३४ टक्के होते. उगाच नाही होत असं. पोरंबाळं निघून जातात, मागे हीच राहतात. ९ सप्टेंबर २०२५ ला दोनेत्स्क भागातल्या यारोवा गावात पोस्टाची गाडी पेन्शन वाटायला आली होती आणि रांगेवर बॉम्ब पडला, वीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारीच. त्या दिवशी बातमी बघून मी आधी तिला फोन लावला, गाव तिच्यापासून लांब आहे हे माहीत असूनही.

लोक मला विचारतात ती निघत का नाही. २०१९ च्या महापुरात आमची स्वतःची आजी म्हशी सोडून बोटीत बसायला तयार नव्हती, तेव्हा मला हे नवीन नाही. युद्धाच्या पहिल्या रात्री मी आणि रूममेटने बाबुश्काला खुर्चीत बसवून सहा मजले खाली तळघरात नेलं, तेव्हा ॲप-बिप काही नव्हतं. नंतर २ मार्चला दूतावासाचा मेसेज आला, लगेच खार्किव्ह सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन वगैरे गावांत पोहोचा, चालत जा पण निघा. तिला म्हटलं चल. म्हणाली, नवरा इथल्या मातीत आहे, माझे पाय हे असे, तुमच्याबरोबर चालले तर तुम्हीपण मागे पडाल. बॅगेत उकडलेले बटाटे कोंबले आणि दार लावून घेतलं. आम्ही निघालो. तिला वर पुन्हा कोणी नेलं हे मी अजून विचारलेलं नाही.

ॲपला पाच स्टार, त्यात काही उणं नाही. ज्यांचं कोणी तिकडे आहे त्यांनी जरूर टाका. बनवणाऱ्यांकडे एकच मागणी आहे, घरातल्या जुन्या लँडलाइनची घंटा वाजेल अशी काही सोय होत असेल तर करा.

परवा रात्री दीडला माझा फोन बोंबलला. तिला लावला, उचलला लगेच. म्हणाली पाइप वाजला सिनोक, टोपी घातलीय, स्टूलवर बसलेय, तू झोप, सकाळी ड्युटी असेल. ऑल क्लिअर आला चार दहाला.